रोजचा ताण आणि साधं श्वसन : वर्गात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये श्वसनाचे आणि प्राणायामाचे वर्ग घेताना जे प्रश्न सतत कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विचारणाऱ्यांत सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार आहेत, अभ्यासिकेत दिवस काढणारी मुलं आहेत, निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार आहेत. घर, नोकरी आणि म्हाताऱ्या माणसांचं दुखणंखुपणं एकाच वेळी ओढणाऱ्या बायका तर सगळ्यात जास्त आहेत. पहिल्या पाच-सहा प्रश्नांत मुख्य गोष्ट आली आहे. पुढचे आपल्या कामाचे असतील तेवढेच वाचा.

सगळं वाचायला वेळ नाही. एकच गोष्ट सांगा.

श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ सोडायला लावा. नाकाने चार अंक मोजत घ्या, नाकानेच सहा अंक मोजत सोडा. मध्ये रोखू नका, छाती फुगवू नका, जोर लावू नका. असा एक श्वास साधारण १० सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. सकाळी पाच मिनिटं आणि दिवसभरात जेव्हा जेव्हा मान-खांदे ताठ झालेले जाणवतील तेव्हा चार-पाच श्वास. चार-सहा लांब वाटत असेल तर तीन-चार करा, म्हणजे तीनात घेणं, चारात सोडणं. आकड्याला महत्त्व नाही, सोडणं लांब असण्याला आहे.

यामागे शरीरात नेमकं काय घडतं? का नुसती मनाची समजूत?

मनाची समजूत नाही, आणि हे घरी बसून तपासता येतं. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुण माणसात हा फरक चांगला जाणवतो, वय वाढेल तसा तो कमी होत जातो.

हृदयाचे ठोके, पचन, घाम, रक्तदाब ही कामं आपल्याला न विचारता चालतात. त्यांच्यावर दोन यंत्रणांचा अंमल असतो. अनुकंपी मज्जासंस्था शरीराला धावपळीसाठी, सामना करण्यासाठी तयार करते. परानुकंपी मज्जासंस्था त्याला पुन्हा विसाव्याकडे आणते. या दुसऱ्या यंत्रणेचा मोठा भाग म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. तो मेंदूच्या तळापासून निघून मानेतून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जातो. श्वास सोडताना हृदयावरचा त्याचा प्रभाव वाढतो आणि ठोके मंदावतात. सोडण्याचा वेळ लांबवला की हा मंदावण्याचा काळही लांबतो.

ठोके मंद करायचे म्हणून कुणालाही हुकमाने करता येत नाहीत. घाम थांब म्हटल्याने थांबत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि मनात आणलं तर हातातही घेता येतो. त्या सगळ्या अनैच्छिक कामांमध्ये एवढं एकच दार आपल्यासाठी उघडं ठेवलेलं आहे, असं मला नेहमी वाटतं.

श्वासाचा ताल जिथे तयार होतो ती मेंदूच्या तळाची छोटी जागा अमेरिकेतल्या जॅक फेल्डमन यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवून दिली. पुढे २०१७ मध्ये उंदरांवरच्या संशोधनात असं आढळलं, की त्या जागेतल्या काही पेशी मेंदूच्या सावधपणा वाढवणाऱ्या भागाला थेट निरोप पाठवतात. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर विलक्षण शांत झाले. श्वास भरभर झाला की मनही बेचैन होतं, हे आपल्याकडच्या योगी लोकांनी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था काढली तीही योग प्रयोगशाळेत तपासण्यासाठी.

सामान्यपणे मिनिटाला किती श्वास असतात?

मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना १२ ते २०. स्वतःचे मोजायला गेलात की ते बदलतात, म्हणून घरातल्या कुणाला तरी तुमच्या नकळत मोजायला सांगा.

सगळे म्हणतात दीर्घ श्वास घ्या. मी घेतला की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. माझ्यात ऑक्सिजन कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला होता, आठवत असेल. निरोगी माणसाचा आकडा साध्या श्वासावरही ९५ ते १०० असतो. म्हणजे रक्त ऑक्सिजनने जवळपास भरलेलंच असतं, जोरात ओढून त्यात फारशी भर पडत नाही.

जोरजोरात श्वास घेतल्यावर वेगळंच घडतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. डोकं हलकं होतं, ओठ-बोटं मुंग्यांनी भरतात, छातीत धडधड वाटते. घाबरलेला माणूस मग आणखी जोरात श्वास ओढतो आणि त्रास वाढत जातो. ‘मोठ्ठा श्वास घे’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण घाबरलेल्या माणसाला तो उलटा पडतो. त्याला ‘सावकाश सोड’ एवढंच सांगा. घेणं त्याचं आपोआप होईल.

अशा वेळी तोंडाला कागदी पिशवी लावण्याची जुनी युक्ती करू नका. त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर त्याने धोका वाढतो.

पोटाने श्वास घ्यायचा म्हणजे नेमकं काय? हवा तर फुप्फुसात जाते ना?

हवा फुप्फुसातच जाते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो खाली सरकला की फुप्फुसांना जागा मिळते आणि खालचे अवयव पुढे ढकलले गेल्याने पोट थोडं वर येतं. निवांत श्वासात हे आपसूक होतं. झोपलेल्या तान्ह्या बाळाचं पोट बघा.

ताणात असलेल्या माणसाचा श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, खांदे वरखाली होतात. त्यात पोट आत धरून बसायची सवय, आवळलेला पट्टा, परकराची घट्ट नाडी यांची भर पडते. वर्गात बायकांना मी आधी नाडी सैल करायला सांगते, मग श्वासाचं बोलते.

शिकायला सोपी रीत अशी. पाठीवर झोपा, गुडघे उभे ठेवा, एक हात छातीवर आणि एक बेंबीवर. वरचा हात शक्य तेवढा स्थिर राहिला पाहिजे आणि खालचा उचलला गेला पाहिजे. आठवडाभर झोपून जमलं की खुर्चीत बसून, मग उभ्याने. पोट मुद्दाम फुगवायचं नाही.

घरात उसासा टाकला तरी ‘काय झालं?’ म्हणतात. उसासा वाईट असतो का?

अजिबात नाही. आपण सगळेच तासाभरात कितीतरी उसासे नकळत टाकतो. फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात, त्यांतले काही चालता चालता मिटतात, आणि उसाशाच्या दुप्पट श्वासाने ते पुन्हा उघडतात. शरीराची ही रोजची देखभाल आहे.

तीच मुद्दाम करता येते. नाकाने श्वास घ्या. भरला असं वाटलं की त्यावर आणखी एक छोटा श्वास घ्या. मग तोंडाने सावकाश, शेवटपर्यंत सोडा. एकदम ताण चढलेला असेल तेव्हा असे दोन-तीन उसासे पुरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांचे गट करून त्यांना महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे सराव दिले होते : एका गटाला हे उसासे, एकाला चौकोनी श्वसन, एकाला जोरकस श्वसन आणि एकाला सजगतेचं ध्यान. फायदा सगळ्यांनाच झाला, पण मन प्रसन्न होण्यात उसाशांचा गट पुढे होता. ज्यात सोडणं सगळ्यात लांब, तोच सराव पुढे गेला याचं मला नवल वाटलं नाही.

चौकोनी श्वसन, ४-७-८, अशा किती पद्धती मोबाइलवर दिसतात. कोणती चांगली?

चौकोनी म्हणजे चार अंक घेणं, चार रोखणं, चार सोडणं, चार रोखणं. अमेरिकी नौदलाचे कमांडो ती वापरतात म्हणून ती गाजली. ४-७-८ म्हणजे चारात घेणं, सात रोखणं, आठात सोडणं. ती डॉक्टर अँड्र्यू वाइल यांनी लोकप्रिय केली. दोन्ही चांगल्या आहेत. पण दोन्हींत श्वास रोखणं आहे आणि नवीन माणसाला, विशेषतः घाबरट स्वभावाच्या माणसाला, रोखल्यावर गुदमरल्यासारखं होतं. एक पद्धत धरा आणि तिच्याशी निदान महिनाभर राहा. रोज नवा व्हिडिओ बघून नवी पद्धत करणाऱ्याला काहीच लागू पडत नाही.

अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि कपालभाती यांतलं ताणासाठी काय करावं?

अनुलोम-विलोम करा. एका नाकपुडीने घेताना श्वास आपोआप बारीक आणि सावकाश होतो, आणि हाताला काम मिळाल्याने मन भटकत नाही. नाकपुडी दाबून बंद करू नका, बोट नुसतं टेकवा.

भ्रामरी तर मी सगळ्यांना सांगते. श्वास घेऊन ओठ मिटायचे आणि भुंग्यासारखा गुंजारव करत सोडायचा. गुणगुणत असताना श्वास घाईने सोडताच येत नाही, म्हणून मोजणीची गरज पडत नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं, की गुणगुणताना नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू एरवीपेक्षा जवळपास १५ पट वाढतो. नाकाच्या पोकळ्यांमध्ये हवा खेळती राहते याची ती खूण आहे. सर्दीवाल्या नाशिककरांना भ्रामरी आवडते त्याचं कारण हेही असेल.

कपालभाती ताणासाठी नाही. परंपरेत ती शुद्धिक्रिया आहे. भरभर झटक्यांनी ती शरीराला तरतरी आणते, आणि आधीच धडधड असलेल्या माणसाला ती तरतरी नको असते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, फिट येण्याचा त्रास, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन आणि गरोदरपण यांत कपालभाती, भस्त्रिका (भात्यासारखं जोरजोरात श्वसन) आणि लांब कुंभक (श्वास रोखून धरणं) टाळा. टीव्हीवर बघून शेकड्यांनी आवर्तनं करणारी माणसं मला भेटतात तेव्हा काळजी वाटते.

मी रोज जप करते, स्तोत्रं म्हणते. मला वेगळं काही करायला हवं का?

कदाचित नाही. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि त्याबरोबर हृदयाच्या ठोक्यांतली लयही सुधारली. वेगळे धर्म, वेगळ्या भाषा, श्वास तोच.

संध्याकाळी दिवा लावल्यावर आपल्याकडे स्तोत्रं म्हणतात तेव्हाही पटकन श्वास घेऊन पूर्ण चरणभर तो सोडलेला असतो. फक्त ती गाडी पकडल्यासारखी म्हणू नका. एक चरण एका श्वासात, सावकाश. ज्यांना देवाधर्माचं नको आहे त्यांनी अंक मोजावेत. शरीराला फरक पडत नाही.

द्वारका चौकात अडकलो की डोकं फिरतं. गाडीवर करता येईल का?

सिंहस्थाच्या तयारीत जागोजागी रस्ते खोदलेले, त्यात द्वारका आणि मुंबई नाका, त्यामुळे हा प्रश्न हल्ली जास्त येतो. गाडी चालू असताना डोळे मिटणं, श्वास रोखणं आणि मोजणीत गुंतणं हे तिन्ही करू नका. गाडी थांबलेली असेल तेव्हा हँडल आवळून धरलेली बोटं सैल करा, जबडा सोडा, खांदे खाली आणा आणि दोन-तीन श्वास फक्त सावकाश बाहेर सोडा. ट्रक-बसच्या धुरात मोठा श्वास मात्र घेऊ नका. धूर जितका आत ओढाल तितका त्रासच.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांची परिस्थिती बरी. इगतपुरीपासून कसारा घाट उतरेपर्यंतचा वेळ यासाठी धरा. डबा गोंगाटाचा असला तरी चालतो, शांतता मिळाली तरच श्वसन जमतं ही समजूत सोडून द्या.

शिफ्टची नोकरी आहे. सकाळ कधी, संध्याकाळ कधी, ठरलेलं नाही.

घड्याळाला न बांधता कामाच्या कडेला बांधा. कारखान्याच्या गेटमधून बाहेर पडल्यावर गाडीला किल्ली लावण्याआधी दहा श्वास, घराच्या दारात गाडी लावल्यावर पुन्हा दहा. कारखान्यातला ताण घरच्यांवर निघतो तो याच वेळी, म्हणून दुसरे दहा जास्त मोलाचे. पेंट, वेल्डिंग, रसायनं असतील त्या विभागात सराव नको. रात्रपाळीहून आल्यावर आधी खाणं, मग अंधार केलेल्या खोलीत पडून पाच मिनिटं.

द्राक्षाची बाग आहे. ढग आले की झोप उडते. श्वासाने काय होणार?

श्वासाने ढग पांगत नाहीत, आणि तसं कुणी सुचवत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस झाला की डावण्या या बुरशीच्या रोगाची भीती, माल तयार होताना झाला की मणी तडकण्याची, आणि गारपिटीपुढे तर इलाजच नाही. वर्षभराचा खर्च आणि बँकेचं कर्ज त्या वेलींवर लटकलेलं असतं. ही काळजी खरी आहे, तिला ‘ताण घेऊ नका’ म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

पण रात्री दोन वाजता जागं राहून तुम्ही आभाळाचं काही करू शकत नाही, आणि सकाळी फवारणीचा, मजुरांचा, सौद्याचा निर्णय त्याच थकलेल्या डोक्याने घ्यावा लागतो. ते डोकं ठिकाणावर राहावं एवढ्यासाठी हे आहे. अंथरुणातच कुशीवर वळा, सोडणं लांबवत राहा, वीस-पंचवीस श्वास. व्यापाऱ्याशी दराचं बोलायला जाण्याआधी, किंवा लासलगावला कांद्याचा लिलाव सुरू होण्याआधी पाच श्वास घेतलेत तर घाईत हो म्हणण्याची शक्यता कमी होते.

फवारणी चालू असताना किंवा ती झाल्या झाल्या बागेत बसून श्वसन करू नका. अंघोळ करा, कपडे बदला, मग घरात बसा.

आणि काळजी जगणंच नकोसं करण्यापर्यंत गेली असेल तर ते श्वसनाचं काम राहिलेलं नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. घरातल्या कुणाबद्दल तशी शंका आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि तुम्हीही फोन करू शकता.

परीक्षेत सगळं विसरल्यासारखं होतं.

हे स्पर्धा परीक्षावाल्यांचंही असतं आणि दहावी-बारावीच्या मुलांचंही. पेपर हातात आल्यावर पहिल्यांदा श्वसन करून बघू नका. दोन-तीन आठवडे आधी, रोज अभ्यासाला बसताना दोन मिनिटं करा म्हणजे शरीराला त्याची ओळख होईल. परीक्षेत डोकं कोरं झालं तर पेन खाली ठेवा, पाय जमिनीला नीट टेकवा, तीन लांब श्वास सोडा आणि ज्याचं उत्तर येतं त्या प्रश्नापासून सुरू करा. रात्रभर जागून केलेल्या अभ्यासाची भरपाई श्वास करत नाही. पालकांना एक विनंती : मुलाला ‘प्राणायाम कर’ म्हणून त्याचाही ताण देऊ नका. तुम्ही करा, ते बघतात.

रात्री अंथरुणावर केलं तर झोप येते का?

बऱ्याच जणांना येते, पण झोप येण्यासाठी करतोय असं मनात धरलं की लक्ष घड्याळाकडे जातं. नुसतं पडून श्वास सोडत राहा. तीन अंक घेणं आणि सहा सोडणं रात्री चांगलं लागू पडतं. बराच वेळ झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. मोबाइल दुसऱ्या खोलीत. घोरताना मध्येच श्वास थांबतो असं घरचे सांगत असतील तर हा झोपेतल्या श्वासविकाराचा प्रकार असू शकतो. डॉक्टरांना दाखवाच.

श्वासाकडे लक्ष दिलं की मला उलट जास्त घाबरायला होतं.

असं काही जणांना होतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ज्यांना आधी भीतीचा झटका येऊन गेला आहे, दम्याचा वाईट अनुभव आहे, त्यांना श्वासाकडे बघणं नको वाटतं. डोळे उघडे ठेवा. लक्ष तळपायांवर ठेवा आणि श्वास त्याच्या तो चालू द्या. भ्रामरी करा, कारण तिथे लक्ष आवाजाकडे जातं. नाहीतर चाला : चार पावलं घेणं, सहा पावलं सोडणं. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोदापार्क यासाठी छान आहेत. बसणं जमलं नाही म्हणून श्वसन आपल्यासाठी नाही, असं ठरवू नका.

राग आला की तेव्हा हे सुचत नाही.

रागात सुचणार नाही हे धरूनच चला. म्हणून तोंड उघडण्याआधी एक श्वास पूर्ण बाहेर टाकायचा, एवढा एकच नियम ठेवा. लांब सोडता सोडता ओरडता येत नाही. बाकीचा उपयोग राग ओसरल्यावर होतो, कारण भांडण संपलं तरी शरीर बराच वेळ तापलेलंच असतं आणि दुसऱ्या क्षुल्लक गोष्टीवर पुन्हा भडकतं. ती वेळ गॅलरीत जाऊन दहा श्वासांत काढा.

थंडीत पहाटे करावं का? मला दमा आहे.

निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत दमेकऱ्यांनी पहाटे उघड्यावर श्वसन करू नये. थंड, कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. घरात, ऊन आल्यावर, नाकानेच. नाक हवा गरम आणि ओलसर करून आत पाठवतं. दिवाळीच्या फटाक्यांच्या धुरातही दारं लावून घ्या. इनहेलर जवळ ठेवा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध चालूच राहू द्या. सरावात छातीत घरघर वाटली तर थांबा.

रक्तदाब उतरला तर गोळी बंद करू का?

नाही. संथ श्वसनाने काही जणांचा रक्तदाब थोडा खाली येतो, पण गोळी कमी करायची की नाही हे नोंदी पाहून डॉक्टरच ठरवतील.

गरोदर बाई, लहान मुलं, आजी-आजोबा यांनी केलं तर चालतं का?

साधं चार-सहा श्वसन आणि हलकी भ्रामरी तिघांनाही चालते. गरोदरपणी श्वास रोखायचा नाही, पाठीवर फार वेळ पडायचं नाही, आणि आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं. मुलांना आकडे नकोत. गरम दुधावर साय हलेल एवढीच फुंकर मारायला सांगा, त्यांना बरोबर जमतं. म्हाताऱ्या माणसांनी खुर्चीत, पाठ टेकून, तीन-चार मोजून करावं आणि उठताना घाई करू नये.

छातीत दुखतंय ते ताणाने की दुसऱ्या कशाने, हे श्वसन करून कळेल का?

कळणार नाही आणि तसा प्रयोग करू नका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, बसल्या जागी धाप, बोलताना जीभ अडखळणं, यांतलं काही असेल तर १०८ ला फोन करा. श्वसन नंतर.

किती दिवसांत फरक पडतो? खात्री आहे का?

एका बैठकीत हलकं वाटणं बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच येतं. एरवीची चिडचिड कमी होणं, छोट्या गोष्टीने न हलणं याला रोजच्या सरावाचे काही आठवडे लागतात. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी १२ प्रयोगांचा, एकूण ७८५ लोकांचा एकत्रित आढावा घेतला. श्वसन करणाऱ्यांचा ताण न करणाऱ्यांपेक्षा कमी होता, पण फरक लहान ते मध्यम एवढाच होता. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. फुकट, कुठेही करता येण्यासारख्या, पाच मिनिटांच्या गोष्टीने एवढा फरक पडणं पुष्कळ आहे. ‘सात दिवसांत तणावमुक्त’ अशा जाहिराती दिसल्या तर त्या खोट्या समजा.

स्मार्ट घड्याळ किंवा ॲप हवं का?

लय पकडायला सुरुवातीला मदत होते. आकडे बघून काळजी वाढत असेल तर काढून ठेवा. बोटांच्या पेरांवर मोजणं पुरतं.

वर्ग लावावा का घरीच करावं?

इथे लिहिलेलं घरी करता येतं. पुढचा प्राणायाम, विशेषतः कुंभक, समोर शिक्षक असल्याशिवाय शिकू नका. या बाबतीत नाशिक नशीबवान आहे. योग विद्या धामसारखी संस्था आपल्याकडे कित्येक वर्षं काम करते आहे. तिचे संस्थापक विश्वास मंडलिक यांना २०१८ मध्ये योगप्रसारासाठीचा पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. पण कुठल्याही वर्गात जाताना एक गोष्ट बघा. शिक्षकाने पहिल्या दिवशी तुमची दुखणी, औषधं, ऑपरेशनं विचारली का? न विचारता थेट भस्त्रिका सुरू करून देणारा वर्ग सोडा. मधुमेह, कर्करोग बरा करण्याची हमी देणारा तर लगेच सोडा.

रोज करते, पण घरातला प्रश्न तसाच आहे.

तो तसाच राहील. दारूडा नवरा, थकलेला पगार, एकटीवर पडलेलं आजारपण, साहेबाचा रोजचा पाणउतारा, यांपैकी काहीही श्वासाने सुटत नाही. अन्याय सहन करता यावा म्हणून श्वसन शिकवणं मला मान्य नाही. ‘तू प्राणायाम कर, शांत राहा’ असं ज्या बाईला घरचे सांगतात, तिला बहुतेक वेळा दुसऱ्याने भांडी घासायची गरज असते. श्वास तुम्हाला थोडी उसंत देतो. त्या उसंतीत माहेरी फोन करायचा, युनियनकडे जायचं, वकील गाठायचा, समुपदेशकाकडे वेळ घ्यायची, की नुसतं ‘हे मला जमणार नाही’ म्हणायचं, हे तुम्हीच ठरवायचं. दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, भूक-झोप गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. श्वसन त्याच्या जोडीला चालू ठेवता येतं.

जेवणानंतर किती वेळाने?

साधं चार-सहा श्वसन कधीही करा. अनुलोम-विलोम, भ्रामरी असं ठरवून बसायचं असेल तर पूर्ण जेवणानंतर तीन तास, नाश्त्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. रविवारी तर्रीदार मिसळ झाली असेल तर त्या दिवशी संध्याकाळी बसा.

मध्येच खंड पडला. पहिल्यापासून सुरू करायचं का?

लग्नसराई, आजारपण, परगावी जाणं, खंड सगळ्यांचाच पडतो. ज्या दिवशी आठवलं त्या दिवशी पाच मिनिटं बसा. राहिलेलं भरून काढायला अर्धा तास बसू नका, आणि लांब मोजणी जमत नसेल तर तीन-चारवर या.